शेवाळ, जांभा आणि चुना

देशावरून येऊन कोकणात घर बांधणाऱ्या व त्याभोवती हौसेने बाग करणाऱ्या गृहस्थाची पहिली फिर्याद बहुधा शेवाळाविरुद्ध असते. आषाढाच्या धारा ओसरून श्रावण लागतो न लागतो तोच पायऱ्या, गडगे, कुंड्यांचे काठ आणि मोठ्या खर्चाने लावलेली हिरवळ यांवर त्या मखमली थराचा अंमल बसलेला असतो, आणि मग कोणी जाणता शेजारी सांगतो की जमीन आंबट झाली आहे, चुना टाका. सल्ला अगदीच निराधार नव्हे. परंतु आधी चुना आणि मग विचार या क्रमाने तो पाळला, तर चुना, पैसा आणि एक वर्ष ही तिन्ही खर्ची पडून पुढच्या श्रावणात शेवाळ पुनश्च हजर होते.

ज्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो त्यात दगडावरचा बुळबुळीत, निराकार थर निराळा आणि मऊ गादीसारखी वाढणारी हरिता निराळी. ही गादी भिंगाखाली धरली असता तिच्यात नखाएवढ्याही उंचीची नसलेली सुटी सुटी रोपटी दिसतात. त्यांना पाने असतात, पण खरी मुळे नसतात, केवळ बुडाशी केसांसारखे तंतू असतात. आणि योग्य वेळी शेंड्यातून तांबूस देठ वर येऊन त्यावर टोपी घातलेली एक इवलीशी कुपी धरते, जिच्यात बीजाणू साठलेले असतात. अनेक जातींत टोपी गळल्यावर कुपीच्या तोंडाशी दातेरी कडा दिसते व ती हवेतील ओलाव्याप्रमाणे मिटते आणि उघडते. ही वनस्पती पाणी पानांनीच शोषते, आणि तिचे पुंबीज पाण्यातून पोहत गेल्यावाचून फलधारणा होत नाही. वैशाखात ती वाळून तपकिरी पापुद्र्यासारखी होते, मेली असे वाटते, आणि पहिल्या सरीनंतर पाहता पाहता हिरवी होते.

म्हणजे तिला हवी असते ती सावली, ओल आणि कोणी न व्यापलेली जागा. जमिनीचा आंबटपणा ही काही तिची अपरिहार्य अट नव्हे. चुन्याच्या गिलाव्यावर आणि सिमेंटच्या कठड्यावरही हरिता खुशाल वाढते, आणि हे दोन्ही पदार्थ आम्लाच्या नेमके विरुद्ध गुणधर्माचे आहेत, एवढा एक दाखला या बाबतीत पुरेसा व्हावा. ती गवताला मारीत नाही. गवत आधी बेदखल होते आणि मग रिकाम्या जागेवर ती वहिवाट सांगते. तेव्हा पहिला जाबजबाब घ्यावयाचा तो गवत का गेले याचा. आपल्या हिरवळीतील मुख्य तृण जी हरळी, ती उन्हाची भुकेली. तिला फणसाच्या छायेत लावून तिच्याकडून गालिचाची अपेक्षा करणे हा मला तरी अन्याय वाटतो. त्यातून कातळावर जेमतेम वीतभर माती, ती पायदळी तुडवून घट्ट झालेली, पाणी निघून जायला वाट नाही, आणि वरून गवत मुळाशी कापण्याची हौस! फांद्या विरळ कराव्यात, उताराच्या बाजूने चर काढावा, दाताळ्याने शेवाळ खरवडून माती टोचून मोकळी करावी आणि गवत चांगले बोटभर उंच राखावे. चुन्याचा विचार त्यानंतर.

शेवाळ मारण्यासाठी हिराकस पाण्यात विरघळवून शिंपडण्याचा इलाज जुना आहे आणि त्याने ते खरोखरच काळे पडून मरते. मात्र हिराकस स्वतःच जमिनीची आम्लता वाढविते, फरशीवर गंजाचे न निघणारे डाग पाडते, आणि ओल व सावली कायम असतील तर बीजाणू पुन्हा रुजायला मोकळेच असतात. पायऱ्यांपुरते म्हणाल तर कडक खराट्याला तोड नाही.

आता आंबटपणाचे प्रकरण. फ्रान्सिस बुकानन याने मलबारात पाहिलेल्या, कोकणातल्यासारख्याच तांबड्या, सच्छिद्र दगडाला १८०७ साली विटेच्या लॅटिन नावावरून लॅटेराइट असे नाव दिले. आपण त्यालाच जांभा म्हणतो. युगानुयुगे कोसळलेल्या पावसाने खडकातील चुना, मॅग्नेशियम, पालाश ही द्रव्ये धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे ठेवली. जांभ्याची माती तांबडी आणि आम्लधर्मी असण्याचे मूळ त्यात आहे. आम्लतेचे माप जो सामू, तो १९०९ साली सोरेन्सन या डॅनिश रसायनज्ञाने कोपनहेगन येथील कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत रूढ केला, म्हणजे मातीचा हा मानदंड आपल्याकडे आला तो बिअरच्या कारखान्यातून. सात हा अंक उदासीन; त्याखाली प्रत्येक अंकागणिक आम्लता दसपट होते, म्हणून सामू सहा आणि सामू पाच यांतील अंतर दिसते तेवढे किरकोळ नाही. साधारण साडेपाचाच्या खाली ॲल्युमिनियम विरघळू लागून मुळांची टोके खुंटवितो, आणि घातलेले स्फुरद लोहाशी व ॲल्युमिनियमशी जखडून पिकाच्या हाती लागत नाही.

कोकणी शेतकऱ्याने सामूचे नाव ऐकण्यापूर्वीच यावर तोड काढली होती. महसुली दप्तरात वरकस म्हणून हलक्या दर्जाने नोंदलेल्या जमिनीवरील काटक्या, पाला, गवत आणि शेण भाताच्या रोपवाटिकेवर पसरून जाळायचे, हा राब होय. त्याच्या राखेतून पालाश मिळतो आणि आम्लताही उतरते. पुढे लावणीनंतर खाचरात पाणी उभे राहिले की आम्ल जमिनीचा सामू आपोआप उदासीनतेकडे सरकतो; भात तेथे सुखाने पिकते याचे हेही एक कारण आहे. बागेतल्या कोबीला किंवा घेवड्याला ही सवलत नाही, आणि अमोनियम सल्फेटचा वर्षानुवर्षे मारा केल्यास जमीन अधिकच आंबते.

चुना टाकण्यापूर्वी माती तपासावी, हे मात्र निक्षून सांगितले पाहिजे. बागेत नागमोडी फिरून, झाडांचे बुंधे, बांध आणि उकिरडा टाळून, ठिकठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्ही अक्षरासारखे खड्डे घ्यावेत, त्यांच्या बाजूंची माती खरवडून एकत्र करावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकीत टाकीत अर्धा किलो उरवावी आणि सावलीत वाळवून प्रयोगशाळेकडे धाडावी. चुन्याचे प्रमाण केवळ सामूवर नव्हे तर मातीच्या पोतावरही ठरते; चिकण मातीला रेताड मातीपेक्षा बराच जास्त लागतो. कळीचा चुना मुळे भाजतो म्हणून तो नको. चुनखडीची भुकटी सावकाश पण निर्धोक काम करते. शुद्ध मालाचा हिशेब धरला तर १०० किलो भुकटीचे काम ७४ किलो विरवलेला चुना करतो, आणि तितकीच चूकही लवकर करतो, कारण अतिरेक झाला की जस्त, लोह आणि बोरॉन यांची उणीव पिकात दिसू लागते. चुना आणि ताजे शेणखत किंवा अमोनियम सल्फेट एकदम टाकू नये. नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. मधे काही आठवड्यांची मुदत ठेवावी.

अनंत, अननस आणि काजू यांच्या वाफ्यांना चुन्याची मुळीच गरज नसते. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह मुळांना मिळेनासे होऊन अनंताची पाने पिवळी पडतात, तोच अनंत जांभ्याच्या मातीत काळाभोर हिरवा होऊन फुलांनी लगडतो. हायड्रेंजियाची काही वाणे तर या आम्लतेतच ॲल्युमिनियम शोषून निळी फुले देतात. तेव्हा चुना भाजीच्या वाफ्यांपुरता राखावा, पुढल्या वर्षी त्याच जागेचा नमुना पुन्हा तपासावा, आणि फणसाखालच्या त्या कोपऱ्यात हरळीचा हट्ट सोडून नेचे लावावेत.