जबलपूरचा हमरस्ता आणि शोधयंत्राची काळी यादी

उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेकडे येणारा मिर्झापूर-जबलपूर-नागपूर हा जुना हमरस्ता एके काळी व्यापारी, शिपाई आणि यात्रेकरू यांनी गजबजलेला असे. १८१७ पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते. पुढे ते कंपनी सरकारच्या हाती गेले. या रस्त्याची ख्याती मात्र चांगली नव्हती. वाटेत भेटणारा गोडबोल्या सोबती, ‘पुढचा मार्ग धोक्याचा आहे, मिळून जाऊ’ असे म्हणून प्रवाशाच्या मेळ्यात सामील होई. दोन-चार मुक्काम निर्धास्तपणे पार पडत, आणि मग एखाद्या रात्री त्या प्रवाशाचा मागमूस नाहीसा होई. ठगांचा सारा धंदा वाटाड्यावरील विश्वासावर चालत असे.

विल्यम स्लीमन हा इंग्रज अधिकारी १८२२ च्या सुमारास नरसिंहपूरचा कारभार पाहात होता. आपल्या कचेरीपासून काही शे यार्डांवर असलेल्या कंदेली गावात ठगांची एक टोळीच राहते याचा त्याला त्या वेळी पत्ताही नव्हता, हे त्याने स्वतःच नंतर लिहून ठेवले आहे. पुढे जबलपूर हे ठगीच्या बंदोबस्ताचे मुख्य ठाणे झाले आणि १८३५ मध्ये स्लीमन त्या खात्याचा प्रमुख अधिकारी झाला. त्याचे मुख्य शस्त्र तलवार नव्हे, तर यादी हे होते. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या, घराण्यांच्या वंशावळी, प्रेते पुरण्याच्या जागा आणि ठगांच्या गुप्त बोलीतील शब्द या सर्वांची त्याने नोंद केली. हा शब्दसंग्रह ‘रामसीआना’ या नावाने १८३६ मध्ये कलकत्त्यास छापला गेला.

आजचा जबलपूरकर नागपूरला जाण्यास वाटाड्या शोधत नाही. पण बँकेचा दूरध्वनी क्रमांक, विजेचे बिल भरण्याची जागा किंवा कान्हाच्या जंगलातील मुक्कामाची सोय हवी असली, की तो हातातील फोनवर चार शब्द लिहितो आणि वर येणाऱ्या पहिल्या नावावर बोट ठेवतो. ज्याला सर्वजण सर्च इंजिन म्हणतात ते शोधयंत्र हाच आजच्या रस्त्यावरील वाटाड्या होय. त्याने दाखविलेल्या वाटेवर ठग बसला असेल तर काय करावे, हा प्रश्न गेली दोन दशके संगणकशास्त्रज्ञांना सतावीत आहे.

शोधयंत्र प्रश्न विचारल्यावर जगभर धावत सुटते, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे घडत नाही. त्याचे स्वयंचलित कार्यक्रम एका पानावरून दुसऱ्या पानावर, दुव्यादुव्याने, रात्रंदिवस फिरत असतात आणि जे सापडेल त्याची एक अवाढव्य सूची तयार करतात. विचारणाऱ्याला उत्तर मिळते ते या सूचीतून. कोणते पान वर ठेवायचे हे ठरविण्यासाठी लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली मांडलेली युक्ती प्रसिद्धच आहे : ज्या पानाकडे अनेक वजनदार पाने बोट दाखवितात, ते पान वजनदार मानावे. गावात दहा प्रतिष्ठितांनी ज्याचे नाव घेतले त्यास मोठा म्हणावे, असाच हा न्याय. पण दहा भाडोत्री माणसे उभी करून हाच न्याय उलटा फिरविता येतो, हे लबाडांच्या ध्यानात येण्यास फार काळ लागला नाही.

नोव्हेंबर २००७ मध्ये याचे ठळक उदाहरण जगापुढे आले. सनबेल्ट सॉफ्टवेअर या संरक्षण-कंपनीच्या संशोधकांना असे आढळले, की अगदी निरुपद्रवी विषयांचा शोध घेतला तरी निकालांत भलतीच पाने वर येत आहेत. ही पाने सुमारे सत्तावीस नावांखाली उभी केलेली होती आणि त्यांची एकूण संख्या हजारोंच्या घरात होती. त्यांत वाचण्याजोगे काही नव्हते. केवळ शब्दांची रास होती. त्यांची नावे इतरांच्या अभिप्रायांच्या रकान्यांत यंत्राकडून पेरून खोटे दुवे निर्माण केले गेले होते. पानावर पाऊल पडताच पाहुण्याच्या संगणकावर घातक प्रणाली उतरविण्याचा प्रयत्न होई. गूगलने त्या महिन्याच्या अखेरीस ही सर्व पाने आपल्या सूचीतून काढून टाकली. पाने जागच्या जागी राहिली. पण त्यांच्याकडे जाणारी वाटच पुसली गेली. शोधयंत्राच्या हाती एवढेच असते. दुष्टाचे घर पाडण्याचा अधिकार त्यास नाही.

आता असा प्रश्न उद्भवतो की, कोट्यवधी पानांतून घातक पान ओळखावे कसे? पान वाचून ते कळत नाही, कारण घातक अंश बहुधा दृष्टीआड दडविलेला असतो. यावर नील्स प्रोव्हस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गूगलमध्ये योजिलेला उपाय मोठा मनोरंजक आहे. संगणकाच्या आत एक नकली संगणक उभा करावयाचा, मुद्दाम जुना व दुबळा. त्यास संशयित पानावर पाठवावयाचे आणि स्वस्थ पाहात बसावयाचे. कोणीही कळ दाबलेली नसताना त्या नकली संगणकात नवे कार्यक्रम आपोआप चालू झाले, फायली बदलल्या, तर पान विषारी आहे हे सिद्ध झाले. विषाची परीक्षा घेण्यासाठी राजाच्या आधी घास खाणारा सेवक ठेवीत, त्याचाच हा यांत्रिक अवतार. काम झाले की नकली संगणक पुसून टाकावा व दुसरा उभा करावा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात अशा रीतीने बारकाईने तपासलेल्या पंचेचाळीस लाख पत्त्यांपैकी सुमारे साडेचार लाख पत्ते घातक ठरल्याचे नमूद आहे. पुढच्याच वर्षीच्या निबंधात त्यांनी दाखविले, की गूगलकडे येणाऱ्या प्रश्नांपैकी सुमारे १.३ टक्के प्रश्नांच्या उत्तरांत निदान एक तरी घातक पत्ता असे.

यात एक खेदाची बाब अशी, की विषारी ठरलेल्या स्थळांपैकी पुष्कळांचे मालक सर्वथा निर्दोष असत. कोणा शाळेचे, कोणा दवाखान्याचे स्थळ. त्याचे कुलूप कच्चे राहिले, चोर आत शिरला आणि त्याने तेथे आपला सापळा मांडला. अशा स्थळास सूचीतून एकदम हाकलावे काय? म्हणून २००६ पासून गूगलने दुसरा मार्गही धरला. निकालांत नाव ठेवावयाचे, पण त्याखाली ‘हे स्थळ आपल्या संगणकास अपाय करील’ असा इशारा छापावयाचा. मालकाने घर साफ करून फेरतपासणीची विनंती केली, की इशारा काढला जातो. निव्वळ फसवणुकीसाठीच उभारलेल्या स्थळास सूचीतून काढणे, आणि घरफोडी झालेल्या स्थळावर इशारा लावणे, हा भेद व्यवहारात नेहमीच स्वच्छ राहत नाही. तथापि तो करण्यावाचून गत्यंतर नाही.

ही यादी ब्राउझरलाही पुरविली जाते. त्यातील योजना चतुराईची आहे. प्रत्येक दुष्ट पत्त्याचे गणिती रीतीने २५६ अंकस्थानांच्या एका ठशात रूपांतर करतात, आणि त्या ठशाची केवळ पहिली बत्तीस स्थाने वाचकाच्या यंत्रावर ठेवतात. जुळणी झाली नाही, तर वाचक कोठे जात आहे हे कोणासही कळविण्याचे कारण पडत नाही. जुळली, तरच पूर्ण ठसा मागवून खात्री केली जाते. पूर्वी ही यादी अर्ध्या ते एका तासाने ताजी होत असे. पण आज दुष्ट स्थळ सरासरी दहा मिनिटेही टिकत नाही, असे गूगलने २०२४ मध्ये सांगितले आणि त्या वर्षापासून क्रोम या ब्राउझरमध्ये पत्ता त्याच क्षणी पडताळण्याची सोय केली. यादी छापून होईपर्यंत ठगाने मुक्काम हलविलेला असतो, असा हा प्रकार आहे.

यादीची सत्ता मोठी, म्हणून तिची चूकही मोठी. ३१ जानेवारी २००९ रोजी, भारतीय वेळेप्रमाणे रात्री आठच्या सुमारास, गूगलच्या निकालांत जगातील प्रत्येक स्थळाखाली अपायाचा इशारा झळकू लागला. स्वतः गूगलची पानेही त्यातून सुटली नाहीत. कारण हास्यास्पद वाटावे इतके क्षुल्लक होते. यादीत नवी भर घालताना कोणा माणसाच्या हातून केवळ एक तिरकी रेघ नोंदली गेली, आणि ती रेघ प्रत्येक पत्त्यात असतेच! नऊ वाजण्याच्या आत चूक दुरुस्त झाली. पण त्या अवधीत इशाऱ्याचा अर्थ विचारणाऱ्यांच्या गर्दीने ‘स्टॉपबॅडवेअर’ या साहाय्यक संस्थेचे स्थळही कोलमडले. पुढे जुलै २०११ मध्ये, याच कंपनीने ‘को.सीसी’ या स्वस्त नावाखाली नोंदलेली एक कोटी दहा लाखांहून अधिक स्थळे एकाच फटक्यात निकालांतून वगळली. त्यांत लबाड पुष्कळ होते यात संशय नाही. परंतु सगळेच लबाड होते, असे कोणी म्हणू शकेल काय?

येथे जबलपूरच्या जुन्या दप्तराची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने, विशिष्ट गुन्हा सिद्ध न होताही, केवळ ठगांच्या टोळीशी संबंध दाखविला की जन्मठेप देता येऊ लागली; आणि तो संबंध बहुतांशी माफीच्या साक्षीदारांच्या तोंडून ठरे. स्लीमनच्या यादीतील किती नावे खरोखर ठगांची होती, यावर इतिहासकारांचा वाद आजही मिटलेला नाही. शोधयंत्राच्या यादीतून निदान अपील करून सुटता येते. मात्र अपील ऐकणारा आणि यादी करणारा एकच असतो.

भारतात या प्रश्नाला अलीकडे निराळेच वळण लागले आहे. २०१८ मध्ये महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे बँक ऑफ इंडियाच्या अशा तक्रारी आल्या, की गूगलच्या नकाशावर शाखांचे दूरध्वनी क्रमांक कोणी तरी बदलून ठेवले आहेत. नकाशातील माहिती सुधारण्याची मुभा सर्वांस होती. लबाडांनी तिचा लाभ घेतला. ग्राहक विश्वासाने त्या क्रमांकावर बोले, समोरचा ‘साहेब’ कार्डाचा गुप्त अंक विचारून घेई आणि खाते रिकामे होई. नकली संगणकाची परीक्षा येथे निष्फळ ठरते, कारण पानावर विष नाहीच. दहा अंकी क्रमांक तेवढा खोटा. तो खोटा आहे हे यंत्राने कशावरून ओळखावे?

म्हणून येथे उलट मार्ग धरला गेला : दुष्टांची यादी करण्याऐवजी सज्जनांची करावी. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये भारतीय बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ हे राखीव आडनाव ठरविले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांनी आपली स्थळे त्याखाली आणावीत असे फर्मावले. नोंदणीचे काम हैदराबादच्या बँकिंग तंत्रज्ञान संस्थेकडे आहे, आणि बँकेखेरीज कोणासही ते आडनाव मिळत नाही. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविल्यास पैसे पुढे सरकण्यापूर्वी अडविण्याचा प्रयत्न केला जातो. येथे मिनिटांचा हिशेब असतो. विजेची कंपनी, गॅसची एजन्सी, जंगलातील विश्रामगृह किंवा मालवाहतुकीची पेढी यांना मात्र असे राखीव आडनाव अद्याप नाही. त्यांच्या नावाने उघडलेली खोटी पाने सूचीत शिरतात, तक्रार आली की काढली जातात, आणि दुसऱ्या नावाने पुन्हा शिरतात.