बिनघराण्याचा ड्रायव्हर

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत स्टॉक कार रेसिंग हा घराण्यांचा धंदा आहे. ली पेटीने 1959 मध्ये पहिली डेटोना 500, म्हणजे या खेळातली सर्वांत मानाची शर्यत, जिंकली. त्याचा मुलगा रिचर्ड दोनशे शर्यती आणि सात अजिंक्यपदं मिळवून 'किंग' म्हणवला जाऊ लागला, आणि नातू काइलही त्याच वाटेने गेला. अर्नहार्ट बापलेक, एलियट बापलेक, ॲलिसन भाऊ आणि त्यांची मुलं, ही यादी बरीच लांबवता येईल. शर्यती भरवणारी नॅसकार ही संस्थासुद्धा 1948 मध्ये बिल फ्रान्सने उभी केली तेव्हापासून फ्रान्स कुटुंबाकडेच आहे. अशा घरांतली पोरं गॅरेजमध्येच रांगतात आणि शाळेत जायच्या वयात गो-कार्ट चालवू लागतात. विल्यम बायरनच्या घरात यातलं काहीच नव्हतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात 1997 साली जन्मलेला हा मुलगा. वडील लोकांची गुंतवणूक सांभाळणारे. शर्यतीचं वेड त्याचं एकट्याचं, आणि सराव घरातल्या संगणकावर.

आज त्याच्या नावावर लागोपाठ दोन डेटोना 500 आहेत, 2024 आणि 2025 च्या. त्याच्या आधी सलग दोन वर्षं ही शर्यत फक्त चौघांनी जिंकली होती.

या खेळाचा जन्म फार सोवळा नाही. दारूबंदीच्या काळात आणि त्यानंतरही डोंगरातली चोरटी दारू शहरात पोचवणारी पोरं रात्री पोलिसांना चुकवत गाड्या पळवायची. कोणाची गाडी जास्त पळते, याचा निकाल मग ती रविवारी मातीच्या ट्रॅकवर लावायची. बाजारात मिळते तशीच गाडी वापरायची, या अटीवर नॅसकारने 1949 च्या जूनमध्ये शार्लटला पहिली शर्यत घेतली. ग्लेन डनवे पहिला आला. तपासणीत त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगमध्ये फेरफार सापडले, दारू वाहणाऱ्यांच्या गाड्यांत करतात तसे. त्याला बाद करून कॅन्ससच्या जिम रोपरला विजेता ठरवलं. म्हणजे पहिल्या शर्यतीचा निकालही ट्रॅकवर लागला नाही, गॅरेजमध्ये लागला.

आजच्या गाडीत शोरूमचं फक्त रूप उरलंय. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, 5.86 लिटरचं व्ही-8 इंजिन आणि 2025 पर्यंत बहुतेक ट्रॅकवर 670 हॉर्सपॉवर. बहुतांश ट्रॅक लंबगोल असल्याने गाडी मुळात डावीकडे वळण्यासाठीच बसवलेली असते. 'नुसतं डावीकडे वळायचं, त्यात काय?' हा प्रश्न या खेळाबद्दल हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याने तीस-चाळीस गाड्यांच्या घोळक्यात, दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर दुसरी गाडी ठेवून, ताशी तीनशे किलोमीटरने डावीकडे वळून दाखवावं.

बायरन तेरा वर्षांच्या आसपास 'आयरेसिंग'वर खेळू लागला. खेळ म्हटलं तरी तो टाइमपास नव्हे. 2008 मध्ये सुरू झालेल्या या सिम्युलेटरमध्ये खरे ट्रॅक लेझरने मोजून उतरवलेले असतात. कुठे डांबरावर उंचवटा आहे, कुठे बँकिंग, म्हणजे वळणाचा तिरपा कल, बदलतं, हे सगळं त्यात जसंच्या तसं. टेबलाला स्टिअरिंग, खाली पेडल, समोर जगभरचे प्रतिस्पर्धी. त्यावर त्याने शंभराहून जास्त शर्यती जिंकल्या. यातून नेमकं काय शिकता येतं? ब्रेक कुठे लावायचा, वळणात गाडी कुठून न्यायची, मागच्याला किती वेळ अडवायचं, आणि मुख्य म्हणजे घाई कधी करायची नाही. खऱ्या ट्रॅकवर एक अपघात म्हणजे आठवड्याची कमाई पाण्यात. इथे बटण दाबलं की नवी गाडी. घराण्यातल्या पोराला दहा वर्षांत जितकी वळणं मिळतात, त्याहून अधिक या मुलाने शाळेतून आल्यावर घरबसल्या घेतली असणार. माझ्या मते त्याची सगळी कारकीर्द याच पुनरावृत्तीवर उभी आहे.

शरीराला मात्र पडदा काहीच शिकवत नाही. गाडीतलं तापमान पन्नास अंशांच्या घरात जातं, वळणात मान उजवीकडे ओढली जाते, आणि हे तीन-चार तास चालतं. मागचं चाक सुटायला लागलं की ते आधी बुडाखालच्या सीटमधून कळतं, डोळ्यांना नंतर. ते शिकायला बायरन पंधराव्या वर्षी लेजंड्स गाडीत बसला. जुन्या कूपे गाड्यांचं हे छोटं रूप, मोटरसायकलचं इंजिन लावलेलं. या धंद्यात पंधरा म्हणजे उशीरच. तरी 2013 या एका वर्षात त्याने तीसहून अधिक शर्यती मारल्या.

संगणकाने गरिबाघरच्या पोरांसाठी दार उघडलं, अशी ही गोष्ट रंगवून सांगितली जाते. मला ती अर्धीच पटते. स्टिअरिंग-पेडल काही हजारांत येतं, पण त्यापुढे गाडी, टायर, मेकॅनिक, ट्रेलर, दर आठवड्याचा प्रवास, हा खर्च बघून भल्याभल्यांचे डोळे पांढरे होतात. बायरनच्या घरची ऐपत होती, आणि पत्ताही शार्लटचा होता. बहुतेक मोठ्या टीमची वर्कशॉप त्या शहराच्या आसपासच आहेत. पुढे लिबर्टी युनिव्हर्सिटी त्याची प्रायोजक झाली आणि तिथलाच विद्यार्थी म्हणून त्याने पदवीही घेतली.

नंतरची चढण मात्र थक्क करणारी आहे. 2015 मध्ये खालच्या पायरीवरच्या के अँड एन ईस्ट मालिकेचं अजिंक्यपद. 2016 मध्ये काइल बुशच्या टीमकडून ट्रक मालिकेत सात विजय, नवख्यासाठी विक्रमच. त्या मोसमातली फिनिक्सची शर्यत जवळून बघण्यासारखी आहे. बायरन पुढे होता, शेवटच्या दहाएक फेऱ्या उरल्या होत्या, जिंकला की अजिंक्यपदासाठी लढणाऱ्या अंतिम चौघांत जागा पक्की. इंजिनातून धूर आला आणि सगळं संपलं. पुढच्याच आठवड्यात होमस्टेडची अखेरची शर्यत त्याने जिंकली, पण अजिंक्यपदासाठी तो पात्रच नव्हता. ते जॉनी सॉटरकडे गेलं. 2017 मध्ये एक्सफिनिटी मालिका त्याने जिंकली आणि 2018 मध्ये, विशीत, हेन्ड्रिक मोटरस्पोर्ट्सने त्याला सर्वांत वरच्या कप मालिकेत चोवीस नंबरच्या गाडीत बसवलं. याच नंबरवर जेफ गॉर्डनने चार अजिंक्यपदं जिंकली होती.

पहिलं वर्ष वाईट गेलं. गुणतक्त्यात तेविसावा, आणि एकदाही पहिल्या पाचांत नाही. ट्रकमध्ये सात शर्यती मारणारा मुलगा कपमध्ये घोळक्यात हरवला. इथे ड्रायव्हर हा शेवटी एका लांब साखळीची फक्त पुढची कडी असतो, हे लक्षात येतं. गाडी 'टाईट' आहे म्हणजे पुढून वळत नाही, 'लूज' आहे म्हणजे मागून घसरते. हे तो रेडिओवर क्रू चीफला, म्हणजे गाडीच्या मुख्य तंत्रज्ञाला, सांगतो. उपाय पिटमध्ये होतो. पाच माणसं भिंतीवरून उडी मारतात, एक जॅक मारतो, दोघं चाकं काढतात, एक नवी चाकं पुरवतो, एक इंधन ओततो. हवेचा दाब अर्धा-एक पौंडाने बदलतात, कधी मागच्या काचेच्या भोकातून लांब पाना घालून स्प्रिंगवरचा भार सरकवतात. नऊ-दहा सेकंदांत गाडी बाहेर. ड्रायव्हरने दुखणं नीट सांगितलं नाही तर उपाय उलटा होतो. आपली गाडी शब्दांत पकडणं, ही विद्या पडद्यावर येत नाही.

2019 मध्ये त्याला चॅड नॉस हा क्रू चीफ मिळाला, जिमी जॉन्सनच्या सातही अजिंक्यपदांमागचा माणूस. 2020 च्या ऑगस्टमध्ये डेटोनाला, कारकिर्दीतल्या 98 व्या कप शर्यतीत, बायरन पहिल्यांदा जिंकला. 2021 पासून रूडी फ्यूगल आला. ट्रकच्या दिवसांतला त्याचा क्रू चीफ हाच. जोडी पुन्हा जमली आणि 2023 मध्ये सहा विजय मिळाले.

बायरन मितभाषी आहे, त्यामुळे लोक त्याला गरीब गाय समजतात. 2022 मध्ये टेक्सासला पिवळा झेंडा लागून शर्यत मंदावलेली असताना त्याने प्रतिस्पर्धी डेनी हॅम्लिनच्या गाडीला मागून धडक देऊन तिला फिरवलं. आधी हॅम्लिनने त्याला भिंतीकडे दाबलं होतं. पन्नास हजार डॉलर दंड आणि 25 गुण कापले गेले. अपिलात गुण परत मिळाले, दंड मात्र दुप्पट झाला.

डेटोनाच्या दोन विजयांबद्दल 'नशीब' हा शब्द सर्रास वापरतात. 2025 मध्ये शेवटच्या फेरीत तो नववा होता. पुढचे एकमेकांवर आदळले, हा वरच्या बाजूने निघून गेला. नशीब होतंच. पण मागच्या गाड्या हवा ढकलतात तेव्हा कुठल्या रांगेत राहायचं, पुढे फुटणार असेल तर वर जायचं की खाली, हा निर्णय डोळ्याची पापणी लवायच्या आत घ्यावा लागतो. त्याच वर्षी कोका-कोला 600 मध्ये 400 पैकी 283 फेऱ्या तो पुढे होता, आणि जिंकला रॉस चॅस्टेन. तेव्हा बायरनला कोणी कमनशिबी म्हटल्याचं फारसं आठवत नाही.

दरम्यान धंदाच बदलला. शर्यतीआधीचा सराव आता बहुतेक ठिकाणी अर्ध्या तासाच्या आतच आटोपतो, म्हणून गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या मोठ्या सिम्युलेटरवर सगळेच ड्रायव्हर तासन् तास घालवतात. 2020 मध्ये साथीमुळे खऱ्या शर्यती थांबल्या तेव्हा नॅसकारने ड्रायव्हरांना आयरेसिंगवर उतरवलं. बायरनने तीन शर्यती जिंकल्या. राजा कॅरुथ हा कृष्णवर्णीय तरुणही याच वाटेने आला आणि 2024 मध्ये एकविसाव्या वर्षी लास व्हेगासला ट्रक शर्यत जिंकला. ट्रक मालिकेशी आपलाही एक धागा आहे. कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन 2010 मध्ये तिथे काही शर्यती खेळला आणि भारतातून पडलेल्या मतांच्या जोरावर त्या वर्षीचा सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर ठरला.

2025 च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा फिनिक्स, या वेळी कप मालिकेच्या अजिंक्यपदासाठी. बायरन अंतिम चौघांत होता. तीन फेऱ्या उरल्या असताना हॅम्लिन पुढे होता, आयुष्यातलं पहिलं अजिंक्यपद त्याच्या हाताशी आलं होतं. तेवढ्यात बायरनचा पुढचा उजवा टायर बसला, गाडी भिंतीला लागली आणि पिवळा झेंडा आला. सगळे पिटमध्ये शिरले. हॅम्लिनने चार टायर बदलले, बायरनचाच सहकारी काइल लार्सनने दोनच, आणि अजिंक्यपद लार्सनला मिळालं. हेन्ड्रिकशी बायरनचा करार 2029 पर्यंत आहे.