बैलबाजार, तंबू आणि शेक्सपिअर

देवणीचं नाव दूरवर गेलं ते इथल्या गोवंशामुळे. वानेरा, बालंक्या, शेवरा हे प्रकार दुरून ओळखणारी माणसं या भागात घरोघर सापडतात. मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरली, की त्यांची पावलं तिकडे वळतात. दिवसा जनावरांचा बाजार आणि रात्री तमाशाचे फड, असा तिथला रिवाज. अशी यात्रा पाहिलेल्या माणसाला चारशे वर्षांपूर्वीचं लंडनचं एक नाटक फारसं समजावून सांगावं लागत नाही. बेन जॉन्सनच्या त्या नाटकाचं नाव ‘बार्थोलोम्यू फेअर’. त्यात यात्रेतला घोड्यांचा दलाल आहे, डुकराचं मांस भाजून विकणारी बाई आहे, खिसेकापू आहेत, बाहुल्यांचा खेळही आहे. ही यात्रा स्मिथफील्डला भरायची आणि स्मिथफील्ड म्हणजे लंडनचा जनावरांचा बाजार.

हे नाटक पहिल्यांदा झालं 31 ऑक्टोबर 1614 रोजी, थेम्सच्या दक्षिण काठावरच्या ‘होप’ नाट्यगृहात. होपचा रंगमंच उचलून बाजूला ठेवता येत असे, कारण काही दिवस तिथे नाटक व्हायचं आणि काही दिवस अस्वलांवर कुत्रे सोडण्याचा खेळ. नाटकाच्या प्रारंभी प्रेक्षकांसमोर चक्क एक करारनामा वाचला जातो. त्यातली एक अट मला फार आवडते: ज्यानं जेवढे पैसे मोजले असतील, त्यानं तेवढ्याच किमतीची टीका करावी. तिकीट काढून आलेला प्रेक्षक हा नवा मालक होता. त्याला चुचकारायचं आणि धाकातही ठेवायचं, ही कसरत त्या काळच्या प्रत्येक मंडळीला करावी लागे.

आपण शेक्सपिअर वाचतो तो परीक्षेसाठी, पुस्तकातून. त्याच्या काळी नाटक आधी ऐकायचं आणि पाहायचं, छापणं नंतर. त्याच्या छत्तीस नाटकांचा मोठा संग्रह 1623 मध्ये निघाला, तेव्हा त्याला जाऊन सात वर्षं झाली होती. जवळपास निम्मी नाटकं तोवर छापलीच गेली नव्हती. त्याच्या मंडळीतल्या हेमिंग्ज आणि कॉन्डेल या दोन नटांनी तो संग्रह सिद्ध केला नसता, तर ‘मॅकबेथ’ आपल्यापर्यंत पोचलं नसतं.

म्हणूनच त्या रंगभूमीचे अभ्यासक गेलं शतकभर छापील संहितेच्या बाहेर पुरावे शोधत आहेत. हेन्स्लो नावाच्या नाट्यगृहमालकाची हिशेबाची वही उरली आहे: कोणत्या दिवशी कोणतं नाटक, गल्ला किती, कोणाला किती उचल. त्याच्याशी संबंधित मंडळीच्या 1598 च्या सामानाच्या यादीत एक खडक, एक थडगं, नरकाचा जबडा आणि अदृश्य होण्यासाठी घालायचा एक झगा आहे. या झग्यापाशी मी थबकतो. नटानं तो अंगावर चढवला, की समोरच्या शेकडो लोकांनी ‘हा आता दिसत नाही’ असं मानायचं. दिवे नाहीत, पडदे नाहीत, भर दुपारचं ऊन. भारुडात डोईवर पदर घेऊन उभा राहिलेला गडी ज्या गावानं सासू म्हणून मान्य केला, त्या गावाला या झग्याचं नवल वाटणार नाही.

1989 मध्ये लंडनमध्ये इमारतीसाठी खोदकाम चालू असताना ‘रोज’ या नाट्यगृहाचा पाया सापडला. जमिनीत हेझलनटची टरफलं मिसळलेली होती. एडवर्ड अ‍ॅलिन या मोठ्या नटाची एका भूमिकेची नक्कलही शिल्लक आहे. तीत फक्त त्याची भाषणं आणि आधीच्या पात्राच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. संपूर्ण नाटक कुणाही नटाच्या हाती नसे. कागद महाग, लिहिणारे हात मोजके, आणि नाटक दुसऱ्या मंडळीच्या हाती लागण्याची भीती. आपल्या नाटक मंडळ्यांतही नट अशा नकलाच पाठ करत. युरोपातल्या अभ्यासकाला जे तुकड्यांवरून जुळवावं लागतं, त्यातलं बरंचसं आपल्याकडे आजोबा-पणजोबांच्या आठवणीत होतं. माझ्या मते मराठी माणसाची या विषयातली खरी पुंजी हीच आहे.

स्त्रीभूमिकांचंच पाहा. इटली-स्पेनमध्ये स्त्रिया रंगमंचावर आल्या होत्या, पण इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर 1660 पर्यंत डेस्डेमोना आणि क्लिओपात्रा मुलगेच करत. प्रेक्षक त्यांच्यात नेमकं काय पाहत असतील, यावर तिकडे ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. आपल्याकडे बालगंधर्वांचं लुगडं नेसणं आणि दागिने घालणं घरंदाज स्त्रिया उचलत असत, हे सांगणारी माणसं परवापरवापर्यंत होती. नट पुरुष आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं आणि त्यामुळे कुणाचाही रसभंग होत नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसत होत्या. 1933 मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या आणि ती जुनी वाट हळूहळू मोडली.

मराठीत शेक्सपिअर आला तो कॉलेजातून. महादेव गोविंद कोल्हटकरांचं ‘अथेल्लो’ 1867 चं. विष्णु मोरेश्वर महाजनींनी ‘सिम्बेलाइन’वरून ‘तारा’ लिहिलं. बडोद्याच्या कॉलेजातले हॅरोल्ड लिटलडेल यांनी त्याचा प्रयोग तिथे पाहिला आणि 1880 मध्ये एका इंग्रजी मासिकात त्यावर सविस्तर लेख लिहिला. इंग्रजीच्या प्राध्यापकानं मराठी प्रयोग बघून शेक्सपिअरविषयी लिहावं, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत घालून दिलेली सूत्रधार, गणपती आणि मोरावरची सरस्वती ही रीत तेव्हा जिवंत होती.

आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं. डोंगरीच्या तुरुंगातल्या एकशे एक दिवसांत ते या कामात होते आणि 1883 मध्ये पुस्तक निघालं. पुढे शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोश्यांनी त्यातला चंद्रसेन असा गाजवला, की इंग्रजीचा गंध नसलेल्या प्रेक्षकांनाही हॅम्लेट आपला वाटला. त्याच मंडळीला वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी ‘त्राटिका’ दिलं. देवलांचा ‘झुंझारराव’ही त्याच काळातला. त्यात ऑथेल्लोचा झुंझारराव, डेस्डेमोनाची कमळजा आणि इयागोचा जाधवराव झाला. देवलांच्या ‘संशयकल्लोळ’चा प्रवास तर फारच लांबचा: मूळ मोलिएरचं 1660 मधलं फ्रेंच प्रहसन, त्यावरून आर्थर मर्फीचं 1761 चं इंग्रजी नाटक, आणि त्यावरून देवलांचा फाल्गुनराव. पॅरिसचा संशयी नवरा पुण्याच्या वाड्यात असा रुळला, की आज त्याचं मूळ गाव सांगितलं तर लोक थक्क होतात.

ही सगळी धामधूम पुण्या-मुंबईची आणि बडोद्या-सांगलीची. देवणी तेव्हा निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यात होती आणि कारभार उर्दूत चाले. आमच्या भागाला नाटक भेटलं ते भारूड, सोंगी भजन आणि तमाशातून. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं 1958 मध्ये आणि नांदेडचं विद्यापीठ आलं 1994 मध्ये. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकरांनी भरताच्या नाट्यशास्त्राचा ज्या बारकाईनं अभ्यास केला, त्यावरून एक कळतं: नाट्याचा मूलगामी विचार करायला मोठ्या शहरात राहावंच लागतं असं नाही.

इथल्या मुलांना शेक्सपिअरचं कोणतं नाटक आधी द्यावं, असं कुणी विचारलं तर मी ‘लिअर’ म्हणतो. म्हातारपणी सातबारा मुलांच्या नावावर करून दिल्यावर बापाचं काय होतं, हे देवणीच्या तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या माणसाला शिकवावं लागत नाही. शिरवाडकरांनी ते ओळखलं आणि 1970 मध्ये ‘नटसम्राट’मध्ये राजाच्या जागी एक निवृत्त नट उभा केला. डॉ. श्रीराम लागूंचे अप्पा बेलवलकर त्यातूनच आले. विंदा करंदीकरांनी मात्र राजाला राजाच ठेवलं. 1974 च्या त्यांच्या ‘राजा लिअर’मध्ये मूळ नाटकाची वीण न सोडता मराठी घडवण्याचा ध्यास आहे. मला दोन्ही हवेत, पण वर्गात मी विंदांपासून सुरुवात करीन. वाटणीचा प्रवेश मोठ्यानं वाचायचा असेल, तर ती भाषा जिभेवर चढलीच पाहिजे.

विंदांनंतर या नाटकाबाबत एक मोठी गोष्ट घडली. ‘लिअर’ची 1608 ची सुटी आवृत्ती आणि 1623 च्या संग्रहातली संहिता यांत बरीच तफावत आहे. पहिलीतल्या सुमारे तीनशे ओळी दुसरीत नाहीत आणि दुसरीतल्या शंभरेक पहिलीत नाहीत. शेवटचं भाषण एकीत ऑल्बनीच्या तोंडी आहे, दुसरीत एडगरच्या. पूर्वीचे संपादक दोन्हींची सरमिसळ करून एक नाटक तयार करत. 1980 च्या दशकात अभ्यासकांनी ठामपणे मांडलं की या दोन वेगळ्या रंगावृत्ती आहेत, आणि 1986 च्या ऑक्सफर्ड आवृत्तीनं त्या स्वतंत्र छापल्या. नाटक प्रयोगागणिक बदलतं, हे ज्यानं फडावर एकच वग दोन रात्री पाहिला आहे त्याला लगेच पटेल. यापुढे मराठीत ‘लिअर’ आणणाऱ्याला आधी ठरवावं लागेल, की उजाड झालेल्या राज्यात शेवटचं बोलायचं कुणी: राज्य चालवणाऱ्या ऑल्बनीनं, की स्वतःच्या बापाला हात धरून रानोमाळ नेणाऱ्या एडगरनं.