गाडीच्या तळाला ठिगळ हवं, नुसती लांबी नको

किनाऱ्यावरच्या गावांतून आजही जुन्या मारुती ओम्नी धावताना दिसतात. १९८४ साली ही व्हॅन बाजारात आली आणि २०१९ मध्ये ती बनवणं थांबलं. म्हणजे आज बचत गटाला परवडेल अशी जी ओम्नी मिळते, ती जुनीच असते. इंजिन आपण सगळ्या तपासून घेतो, टायर बघतो, पण रबरी मॅट उचलून खालचा पत्रा बघणाऱ्या बायका कमी. आज आम्ही त्याच पत्र्याबद्दल बोलणार आहोत.

गंज चढायला लोखंड, हवा आणि पाणी एवढं पुरतं. त्यात मीठ आलं की काम झपाट्यानं होतं. मासळीच्या पेटीतून बर्फाचं पाणी ठिबकतं, ते मॅटखाली जातं आणि तिथंच मुरतं. मीठ ओल धरून ठेवतं, त्यामुळे वरून मॅट कोरडी दिसली तरी खाली पत्रा भिजलेलाच राहतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून रंगाला आधी फोड येतो आणि मग पापुद्रा सुटतो. रंगावर फोड दिसला, तर आतलं दुखणं जुनं आहे असं धरून चाला.

आता हे इतकं महत्त्वाचं का? जीपसारख्या गाडीला खाली जाड लोखंडी सांगाडा असतो आणि त्यावर बॉडी बसवलेली असते. ओम्नीला असा वेगळा सांगाडा नाही. तळ, दाराचे उंबरे, खांब, छप्पर हे सगळं मिळूनच भार पेलतं. आपण ज्या सीटवर बसतो तिचे बोल्ट त्याच तळात, पट्ट्याची टोकंही बॉडीच्याच पत्र्यात. पत्रा कुजला असेल तर धक्क्याच्या वेळी बोल्ट पत्र्यासकट उपटून येऊ शकतो. गळक्या छपराचा पत्रा आणि गाडीचा पत्रा यांत फरक आहे तो हा.

गाडी घेण्याआधी मालकाला विचारून मॅट उचला. पेचकसाच्या मुठीनं ठोकत जा. चांगला पत्रा ठणठण वाजतो, कुजलेला भदभद. दाराच्या उंबऱ्याखालची पोकळ पट्टी, मागच्या चाकावरची कमान आणि दाराची खालची कड इथं जास्त वेळ द्या. बरोबर एक लोहचुंबक ठेवा, जुन्या स्पीकरमधलं चालेल. रंगावर ओरखडा नको म्हणून ते फडक्यात गुंडाळा. जिथं चुंबक धरत नाही तिथं रंगाखाली लांबीचा जाड थर आहे. लांबी म्हणजे पुट्टी. ती खड्डा भरते, ताकद देत नाही. शिवाय ती ओल शोषते, म्हणून गंजावर भरलेली लांबी काही महिन्यांत फुगून सुटते. स्वस्तात तळ नवा करून देतो असं कुणी म्हटलं, तर काय भरणार ते विचारा. फायबरची जाळी किंवा रिबीट मारलेला पत्रा हाही तळाचा इलाज नव्हे.

खरी दुरुस्ती म्हणजे कापणं आणि जोडणं. आधी बॅटरीची ऋण तार काढायची. सीट, मॅट, वायरी बाजूला घ्यायच्या. पेट्रोलची टाकी किंवा नळी जवळ असेल तर ती उतरवल्याशिवाय वेल्डिंग करू द्यायचं नाही, कारण टाकी रिकामी असली तरी आतली वाफ पेट घेते. जवळ वाळूची बादली आणि आग विझवायचं नळकांडं हवं. मग गंजलेला भाग ग्राइंडरनं कापायचा, तो चकचकीत, जाडजूड पत्रा लागेपर्यंत. इथं डेंटर कंजूषपणा करतात. कुजक्या कडेला नवा पत्रा जोडला तर टाका धरत नाही, जळून भोक पडतं. जुन्या गोधडीला ठिगळ लावताना आपण विरलेला भाग ओलांडून धड कापडात टाका घालतो, तसंच हे आहे.

ठिगळाचा आकार आधी पुठ्ठ्यावर कापून बसवून बघतात, ब्लाउजच्या कागदी कापासारखा. पत्रा २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीचा साधा लोखंडी घ्यावा. कुणी छपराचा जस्ताचा उरलेला पत्रा वापरायला निघालं तर थांबवा. जस्त जळालं की त्याच्या धुरानं वेल्डरला थंडीताप भरतो. जोडकाम शक्यतो सीओटू वेल्डिंगवर करून घ्यावं. गॅसच्या मोठ्या ज्वाळेनं पातळ पत्रा वाकडा होतो. तिथंही एका ओळीत सलग टाके न मारता इथं एक, तिथं एक असे लांब लांब मारून पत्रा गार होऊ देत मधल्या जागा भरायच्या. पोरांना वेल्डिंगच्या उजेडाकडे बघू देऊ नका.

जोड साफ झाला की दोन्ही बाजूंनी प्रायमर, मग सांध्यात सीलर, आणि खालून अंडरकोटिंग. क्रम हाच. गंजावर थेट काळं कोटिंग फासलं तर ओल आत कोंडते. दाराचा किंवा कमानीचा बाहेरचा पत्रा असेल तर नवा पत्रा बसल्यावर वरून थोडी लांबी चालते, दोन-तीन मिलिमीटरपर्यंत. ओल्या वॉटर पेपरनं घासल्यावर ती पूर्ण सुकू द्यावी, मगच रंग.

सीटच्या किंवा पट्ट्याच्या बोल्टजवळ कूज असेल तर साधं ठिगळ पुरत नाही. तिथं आतून जाड पट्टी घालून मूळची ताकद आणावी लागते. ते काम सरावलेल्या कारागिराचंच. आणि जॅक लावला की उंबरा दबतो, दार घासून बसतं, अशी गाडी असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: तिच्यावर गटाचे पैसे घालू नयेत, ती भंगारात द्यावी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्यानं करावी लागते आणि त्यावेळी आरटीओत तपासणी होते, हेही हिशेबात धरा.

गॅरेजवाल्याशी आधीच ठरवा: कापल्यावर, जोडल्यावर आणि प्रायमर लावल्यावर, तिन्ही वेळा आम्ही येऊन बघणार, फोटो काढणार. रंगाआधी शेवटचा हप्ता देऊ नका. दोघी-तिघी मिळून जा. प्रश्न विचारायला एकीला संकोच वाटतो, तिघींना वाटत नाही.

पुढची काळजी साधी आहे. मासळीच्या पेटीखाली काठाचा प्लास्टिकचा ट्रे ठेवा. खेप संपली की गोड्या पाण्यानं धुऊन, मॅट काढून दारं उघडी ठेवून वाळवा. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती चिखलानं बुजतात. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात अधूनमधून एखादी काडी घालून ती मोकळी करत जा.