काचेला टवका उडालाय? मग आजच बघा!

मैत्रिणींनो, गाडीच्या काचेचा विषय आपल्या पानांवर कशाला, असं तुम्हांला वाटेल. चार वर्षांपूर्वी मलाही तसंच वाटलं असतं. गाडीचं दुखणंखुपणं घरातल्या पुरुषांनी बघायचं आणि आपण फार तर सीटची कव्हरं धुवायची, अशी आपली वाटणी. पण आता आपल्यातल्या कितीतरी जणी स्वतः गाडी चालवतात. मग तिची थोडी देखभाल आपल्यालाही यायला नको का?

माझं सासर साताऱ्याचं, माहेर सांगलीचं. आई आजारी होती त्या वर्षी शाळेचे तास सांभाळून दर पंधरवड्याला माझी फेरी ठरलेली. हायवेनं कऱ्हाड मागं टाकायचं, पेठनाक्याला आत वळायचं आणि आष्ट्यावरून सांगली गाठायची. फेब्रुवारीतल्या अशाच एका फेरीत पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि 'टक्' करून काचेवर बसला. मसुराच्या डाळीएवढा टवका! घरी आल्यावर ह्यांना दाखवला. "अगं, एवढ्याशानं काय होतंय?" मलाही ते पटलं. नखांना लावायचं बिनरंगी पॉलिश मी त्यावर फासलं आणि विसरून गेले.

एप्रिलमध्ये आईच्या दारात गाडी दुपारभर उन्हात उभी होती. निघताना लेक म्हणाली, "आई, किती उकडतंय!" मी एसी एकदम मोठा केला, तोही हवा काचेवर सोडून. आष्टा यायच्या आधीच टवक्यातून तडा निघाला आणि बघता बघता काचभर पसरला. उतरतं ऊन समोरून येत होतं. ते तड्यावर असं चमकलं, की पुढून येणारी दुचाकी मला क्षणभर दिसलीच नाही. ब्रेक लागला, कुणाला काही झालं नाही. पण दुचाकीवर पुढं बसलेलं लहान मूल आजही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. नव्या काचेत त्या महिन्याचा माझा सगळा पगार गेला, ते दुःख त्यापुढं काहीच नाही.

हे झालं कसं? आपल्या आज्यांना याचं उत्तर ठाऊक होतं. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या काचकारखान्यातले 'प्रभाकर' कंदील एके काळी घरोघरी असत. पेटत्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब उडाला की ती तडकायची, म्हणून ओल्या हातानं कंदिलाला शिवू देत नसत. तापलेल्या काचेचा एक भाग एकदम गार झाला की तो आकसतो, बाकीचा आकसत नाही, आणि त्या ओढाताणीत काच फुटते. त्यातून टवका आधीच असेल, तर सगळा ताण तिथंच गोळा होतो.

गाडीची पुढची काच मात्र कंदिलासारखी एकेरी नसते. दोन काचा आणि मध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, अशी ती असते. म्हणून फुटली तरी तुकडे पापुद्र्याला धरून राहतात. एदुआर बेनेदिक्त्यूस या फ्रेंच गृहस्थाच्या हातून १९०३ साली काचेचा चंबू पडला. तो तडकला, पण विखुरला नाही, कारण आत वाळलेल्या रसायनाचा थर होता. त्यावरून अशा काचेची कल्पना निघाली, असं सांगतात. टवका बहुधा बाहेरच्याच काचेला उडतो. म्हणूनच तो बुजवता येतो.

गेल्या डिसेंबरात काचेला पुन्हा खडा लागला. या वेळी मी थांबले नाही. टवका बुजवायचा संच स्पेअर पार्टच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो. पाकृतीसारखंच लिहिते.

साहित्य : रेझिनची छोटी नळी, काचेला चिकटणाऱ्या रबरी वाट्यांचा स्टँड आणि त्यातला स्क्रू, पारदर्शक पट्टी, ब्लेड (हे सगळं संचातच असतं). शिवाय टाचणी, मऊ सुती फडकं, हातमोजे आणि चष्मा. रेझिन हाताला लागलं तर खाज सुटते.

कृती :

१. टवका उडाल्याबरोबर त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. आत धूळ-पाणी गेलं की रेझिन नीट बसत नाही.

२. काम सावलीत करा. उन्हात रेझिन आत शिरायच्या आधीच घट्ट होतं. काच तापलेली असेल तर आपोआप निवू द्या; पाणी मारू नका.

३. चिकटपट्टी काढून सुटे कण टाचणीनं हलकेच काढा, कोरू नका. जागा कोरडी हवी. पाऊस लागला असेल तर एक दिवस वाळू द्या.

४. स्टँडची नळी बरोबर टवक्यावर बसवा, रेझिनचे दोन-तीन थेंब सोडा आणि स्क्रू हळूहळू आवळा. थोड्या वेळानं सैल करा म्हणजे अडकलेली हवा वर येईल. पुन्हा आवळा. बुडबुडे दिसेनासे होईतो असं करा. घाई केलीत तर फसेल.

५. स्टँड काढा, वरून एक थेंब टाकून पट्टी चिकटवा आणि गाडी उन्हात घ्या. उन्हातल्या अतिनील किरणांनी रेझिन आळतं. पापडासारखं दिवसभर नको, संचावर लिहिलेला वेळ पुरे.

६. पट्टी काढून वरचं जास्तीचं रेझिन उभ्या ब्लेडनं खरवडा आणि फडक्यानं पुसा.

खरं सांगते, बारीकसा डाग राहतोच. माझा अजून दिसतो. पण रेझिनमधून प्रकाश जवळजवळ काचेसारखाच जातो, म्हणून टवका फिका पडतो. आणि भेग आतून धरली गेल्यानं ती सहसा पुढं सरकत नाही. माझ्या नेलपॉलिशनं हेच झालं नव्हतं. ते वरच्यावर बसलं, भेगेत शिरलंच नाही. शिवाय असा लेप एकदा बसला की नंतर रेझिनलाही वाट मिळत नाही. झटपट चिकटवायच्या गोंदाचंही तेच.

हे मात्र घरी करू नका : टवका रुपयाच्या नाण्याहून मोठा असेल, लांब तडा गेला असेल, तो काचेच्या कडेला किंवा चालवणाऱ्याच्या नेमका नजरेसमोर असेल, किंवा आतून बोट फिरवल्यावरही लागत असेल, तर सरळ जाणकाराकडे जा. ही काच गाडीच्या टपाला आधार देते आणि अपघातात एअरबॅग फुगते तेव्हा तिला पाठ देते, तेव्हा इथं काटकसर नको. आरशामागं कॅमेरा असलेल्या नव्या गाड्यांत काच बदलली तर तो नव्यानं जुळवावा लागतो. बाजूच्या काचा वेगळ्या जातीच्या असतात, त्या बुजवता येत नाहीत.

विम्याचे कागदही एकदा काढून वाचा. काचेवर घसारा कापत नाहीत हे खरं, पण दावा केला की नो क्लेम बोनस सहसा जातो. पहिल्या वर्षानंतर २० टक्के असलेली ही सवलत, दावा न केल्यास पाच वर्षांत ५० टक्क्यांवर जाते. लहान टवक्यासाठी ती घालवायची का, याचा हिशेब आपल्याइतका चांगला कोण करील?

आता उन्हातून निघताना मी आधी चारी काचा खाली करते, कोंडलेली हवा जाऊ देते आणि एसी हळूहळू वाढवते. परवा ह्यांच्या मित्राच्या गाडीला टवका उडाला. हे म्हणाले, "आमच्या घरी आण, हिला येतं ते!"

तेव्हा उद्या सकाळी गाडी पुसताना काचेवरून एकदा नीट नजर फिरवा. मसुराएवढं काही दिसलं, तर "एवढ्याशानं काय होतंय" असं मात्र म्हणू नका.