वर्षभराचे पारायण

शनिवारी सकाळी यहुदी लोकांच्या प्रार्थनामंदिरात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, एक विधी नियमाने होतो. पुढील भिंतीजवळच्या कपाटाचा पडदा बाजूस सारला जातो आणि आतून एक मोठी गुंडाळी आदराने बाहेर आणली जाते. जमलेली मंडळी उठून उभी राहतात. ती गुंडाळी मेजावर उलगडतात आणि त्या आठवड्यासाठी नेमलेला भाग ठरावीक चालीवर मोठ्याने वाचतात. ही गुंडाळी म्हणजेच यहुदी धर्माचा मूळ ग्रंथ ‘तोरा’ होय. जेरुसलेम असो, न्यूयॉर्क असो किंवा मुंबई असो, त्या शनिवारी बहुधा सर्वत्र तोच भाग वाचला जातो.

तोरेत पाच पुस्तके आहेत. जगाची उत्पत्ती, अब्राहाम व त्याचे वंशज, मिसर देशातील गुलामगिरी, मोशेने केलेली सुटका आणि लोकांना दिलेले नियम असे विषय त्यांत आले आहेत. वाचनासाठी या ग्रंथाचे 54 भाग केलेले असून प्रत्येक भागास ‘पाराशा’ म्हणतात. यहुदी पंचांगातील महिने चांद्र असतात; म्हणून आपल्या पंचांगाप्रमाणेच त्यातही अधिक महिना धरावा लागतो. 19 वर्षांत 7 वेळा असा महिना येतो. त्यामुळे काही वर्षे लांब, तर काही आखूड होतात. आखूड वर्षात काही शनिवारी दोन भाग एकदम वाचतात आणि वर्षाचे पारायण वर्षातच पुरे करतात.

सर्वांसमोर ग्रंथ वाचण्याची ही चाल फार जुनी आहे. बाबिलोनच्या बंदिवासातून यहुदी लोक परतल्यानंतर एज्रा नावाच्या शास्त्र्याने जेरुसलेमच्या वेशीजवळील चौकात स्त्री-पुरुषांसमोर ग्रंथ वाचला, असे बायबलात सांगितले आहे. पुढे इ. स. 70 मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. यज्ञ थांबले, अनेकांना देश सोडावा लागला. मंदिर पाठीवर घेऊन जाता येत नाही. पण ग्रंथ नेता येतो. जेथे दहा माणसे जमतील तेथे वाचन होऊ शकले. अशा रीतीने या साप्ताहिक वाचनाने विखुरलेल्या लोकांस शतकानुशतके एकत्र बांधून ठेवले.

वाचनाची गुंडाळी आजही छापीत नाहीत. प्रशिक्षित लेखक चामड्यावर बोरूने किंवा पिसाच्या लेखणीने ती हाताने लिहितो. तिच्यात 3,04,805 अक्षरे असतात अशी गणना आहे. एक अक्षर जरी चुकले किंवा पुसले गेले, तरी दुरुस्ती होईपर्यंत ती गुंडाळी वाचनास चालत नाही. वाचताना बोटाचा स्पर्श होऊ नये म्हणून टोकास लहानसा पंजा असलेली एक कांडी ओळींवरून फिरवितात. गुंडाळीत स्वरचिन्हे नसतात, विरामचिन्हेही नसतात. त्यामुळे वाचणाऱ्यास आधी कसून तयारी करावी लागते. तो चुकला, तर ऐकणारे तेथल्या तेथे त्याला सुधारतात.

परंतु केवळ शुद्ध वाचले म्हणजे काम संपले, असे यहुदी परंपरा मानीत नाही. वाचलेल्या भागातून आजच्या जगण्यासाठी काय घ्यावे, याचा विचार दर आठवड्यास करावा लागतो. तो कसा करतात, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. पाचव्या पुस्तकात असा नियम आहे की, नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा. नाहीतर कोणी पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येईल. त्या काळी घरांची छपरे सपाट असत व माणसे त्यांवर वावरत असत. आज उतरत्या छपराच्या घरात राहणाऱ्यास या नियमाचा काय उपयोग? जुन्या पंडितांनी हाच प्रश्न स्वतःला विचारला. त्यांनी ठरविले की, कठडा हे केवळ एक उदाहरण होय. म्हणून त्यांनी सांगितले की, चावरा कुत्रा पाळू नये आणि घरात डळमळीत शिडी ठेवू नये. बाराव्या शतकातील थोर पंडित मैमोनिदीझ याने अंगणातील विहिरीलाही हाच नियम लावला. या वाटेने पुढे गेल्यास आजचा मनुष्य उघड्या विजेच्या तारेपर्यंत किंवा झाकण नसलेल्या गटारापर्यंत सहज येऊन पोहोचतो. माझ्या मालकीच्या वस्तूने दुसऱ्यास इजा होईल का, हा विचार अपघातानंतर नव्हे, तर अपघातापूर्वी करावयाचा असतो.

दुसरा एक भाग शेतकऱ्यांविषयीचा आहे. कापणी करताना शेताच्या कडा कापू नयेत आणि खाली पडलेली कणसे वेचू नयेत. ती गरिबांसाठी व परदेशी माणसांसाठी सोडावीत, असे त्यात सांगितले आहे. येथे मालक आपल्या हाताने दान देत नाही. गरीब मनुष्य स्वतः शेतात येतो, कष्ट करतो आणि आपला वाटा घेऊन जातो. त्यास कोणापुढे हात पसरावा लागत नाही. मदत करावी, पण घेणाऱ्याचा मान राखून करावी, हा यातील बोध होय. मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नये आणि वजनेमापे खरी असावीत, हे नियमही त्याच भागात येतात.

चौथ्या पुस्तकात महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा या पाच बहिणींची कथा आहे. त्यांचा पिता वारला; त्याला मुलगा नव्हता. तेव्हाच्या रीतीप्रमाणे त्याचा जमिनीचा वाटा दुसऱ्यांकडे गेला असता. या बहिणी सर्व लोकांसमोर उभ्या राहिल्या आणि पित्याचे नाव का नाहीसे व्हावे, असा प्रश्न त्यांनी मोशेला विचारला. मोशे हा सर्वांचा नेता. तरी त्याने आपल्याच अधिकारात उत्तर दिले नाही. त्याने तो प्रश्न देवापुढे ठेवला आणि बहिणींचे म्हणणे न्याय्य ठरले. पुढे त्यांनी आपल्याच कुळात विवाह करावा, अशी अटही घातली गेली. तथापि मुलीला वारसा मिळू शकतो, हे तत्त्व त्या दिवशी मान्य झाले. न्यायाची मागणी निर्भयपणे करावी, हे या कथेतून जसे शिकावे, तसेच मोठेपण असूनही दुसऱ्याचा प्रश्न ऐकून घ्यावा, हेही शिकावे.

सर्वांनी एकच अर्थ काढावा, असा आग्रह या परंपरेत नाही. नोहा हा त्याच्या पिढीतील सज्जन होता, असे पहिल्या पुस्तकात म्हटले आहे. वाईट लोकांत राहूनही चांगला राहिला, म्हणून तो थोर, असे काही पंडित म्हणतात. तर वाईटांच्या मानाने तो चांगला होता, इतकेच, असे दुसरे म्हणतात. अकराव्या शतकात फ्रान्समध्ये होऊन गेलेल्या राशी या प्रसिद्ध टीकाकाराने ही दोन्ही मते शेजारी शेजारी दिली आहेत. विद्यार्थीही पुष्कळदा दोघे दोघे बसून, एकमेकांस प्रश्न विचारीत अभ्यास करतात.

या अभ्यासात मुलांचाही वाटा असतो. तेरा वर्षांचा झालेला मुलगा धर्माचरणास जबाबदार मानला जातो. त्या सुमारास त्याला गुंडाळीपुढे बोलावतात. तो पुष्कळ महिने तयारी करून आपल्या आठवड्याचा भाग वाचतो आणि बहुधा त्यावर चार शब्दही बोलतो. न्यूयॉर्क येथे 1922 मध्ये एका मुलीने हा मान मिळविला. आता अनेक सिनेगॉगमध्ये मुलींनाही ही संधी मिळते.

महाराष्ट्राचाही या परंपरेशी जुना संबंध आहे. कोकणातील बेने इस्राएल लोक पिढ्यान्पिढ्या मराठी बोलत आले आहेत. त्यांचे पूर्वज जहाज फुटून नवगावजवळच्या किनाऱ्यास लागले आणि त्यांचे ग्रंथ समुद्रात बुडाले, असे ते सांगत आले. ग्रंथ गेले, तरी शनिवारच्या विश्रांतीचा नियम त्यांनी सोडला नाही. या दिवसास ‘शब्बाथ’ म्हणतात. त्या दिवशी मालक, नोकर आणि जनावरे या सर्वांना विसावा द्यावा, अशी तोरेची आज्ञा आहे. बेने इस्राएल लोकांचा धंदा तेलाच्या घाण्याचा होता. आठवड्यातील एक दिवस घाणा बंद ठेवणे म्हणजे त्या दिवसाच्या मिळकतीवर पाणी सोडणे होते. तरी शनिवारी घाणा थांबे. यावरून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ असे नाव दिले. पुढे 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत सिनेगॉग बांधले. त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ ‘दयेचे द्वार’ असा आहे. मिसरमधून झालेल्या सुटकेची कथा सणाच्या रात्री घरोघर वाचतात. त्या वाचनाचे हिब्रू व मराठी पुस्तक 1874 मध्ये पुण्यात छापले गेले. 1948 मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर या समाजातील बहुसंख्य लोक तिकडे गेले आणि मराठीही आपल्याबरोबर घेऊन गेले.

शरद ऋतूत ‘सिम्हात तोरा’ नावाचा सण येतो. त्या दिवशी ग्रंथाचा शेवटचा भाग वाचतात. मोशे डोंगरावरून इच्छित देश पाहतो, पण तेथे पाऊल टाकण्यापूर्वीच त्याचा अंत होतो. तेथे ग्रंथ संपतो. वाचन मात्र थांबत नाही. त्याच दिवशी लगेच जगाच्या उत्पत्तीचा पहिला भाग वाचावयास घेतात. गेल्या वर्षी बारा वर्षांचा असलेला मुलगा आता तेरा वर्षांचा झालेला असतो. म्हणून ग्रंथ तोच असला, तरी त्यास विचारावयाचे प्रश्न नवे असतात.