गार्सियांची गर्दी

गाब्रिएल गार्सिया मार्केस यांचं पुस्तक ग्रंथालयात कोणत्या अक्षराखाली शोधायचं? कॉलेजात असताना मी ते 'म'खाली शोधलं, मिळालं, आणि पुढची कित्येक वर्षं हा लेखक माझ्यासाठी नुसता 'मार्केस' होता. बऱ्याच उशिरा स्पॅनिशच्या वर्गाला जायला लागले, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच महिन्यात चूक दाखवली. मार्केस हे त्याच्या आईचं आडनाव, त्याचं पहिलं आडनाव गार्सिया. स्पॅनिश ग्रंथालयात तो 'ग'खाली असतो. त्या दिवसापासून मी गार्सियांच्या मागे लागले ती आजतागायत.

स्पेनमध्ये आणि स्पॅनिश बोलणाऱ्या बहुतेक देशांत माणसाला दोन आडनावं असतात. आधी वडिलांचं पहिलं आडनाव, मग आईचं पहिलं आडनाव. लग्न झालं तरी स्पॅनिश बाई आपलं आडनाव बदलत नाही, त्यामुळे एकाच घरात नवरा, बायको आणि मुलं यांची आडनावांची जोडी वेगवेगळी असते. आपल्याकडे नाव, बापाचं नाव, आडनाव अशी रीत. आईला त्यात जागाच नव्हती. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव लावायचा निर्णय महाराष्ट्राने घेतला, तेव्हा कुठे ती जागा झाली. स्पॅनिश रीत मात्र दिसते तितकी आईच्या बाजूची नाही. आईचं म्हणून जे आडनाव येतं ते तिच्या वडिलांकडून आलेलं असतं, आणि नातवंडांच्या नावातून तेही गळून पडतं. पुढच्या पिढीला जाणारं आडनाव परंपरेने बापाचंच. १९९९ साली स्पेनने कायदा बदलून आईचं आडनाव आधी लावायची मुभा दिली. २०१७ पासून तर बापाचं आडनाव आपोआप आधी लागणंही थांबलं. क्रम कोणता ते आईबापांनी मिळून ठरवायचं.

गार्सिया हे स्पेनमधलं सर्वांत जास्त लोकांचं आडनाव. पहिलं आडनाव गार्सिया असलेली माणसं तिथे चौदा लाखांहून जास्त आहेत. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत स्मिथ, जॉन्सन, विल्यम्स, ब्राउन आणि जोन्स यांच्या पाठोपाठ सहाव्या क्रमांकावर गार्सिया आहे.

एवढ्या गर्दीत माणूस ओळखायचा कसा? लोकांनी सोपा उपाय काढला, दुसरं आडनाव उचललं. ग्रानादाजवळच्या फुएन्ते वाकेरोस गावी १८९८ साली कवी आणि नाटककार फेदेरिको गार्सिया लोर्का जन्मला. वडील फेदेरिको गार्सिया, आई बिसेन्ता लोर्का. जगाने त्याला लोर्का म्हटलं. त्याच्या शेवटच्या नाटकावरून गोविंद निहलानींनी 'रुक्मावती की हवेली' हा सिनेमा केला, त्यात उत्तरा बावकरांनी रुक्मावती उभी केली, आणि आपणही त्याला लोर्काच म्हणत राहिलो. १९३६ च्या ऑगस्टमध्ये, स्पेनमधल्या यादवी युद्धाच्या सुरुवातीलाच, फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी त्याला ग्रानादाबाहेर गोळ्या घातल्या. अडतीस वर्षांचा होता. त्याचे अवशेष अजून सापडलेले नाहीत. त्याच्या वडिलांचं आडनाव जगाच्या तोंडी राहिलं नाही, याची मला नेहमी हळहळ वाटते. शेतीवाडीत पैसा कमावलेल्या त्या माणसाच्या जिवावर हा मुलगा कविता लिहू शकला होता.

हा प्रकार एकट्या गार्सियांचा नाही. पाब्लो रुइस पिकासो तरुणपणी चित्रावर दोन्ही आडनावं घालून सही करायचा, पुढे वडिलांचं रुइस गळलं आणि आईचं पिकासो उरलं. चित्रकार बेलास्केस वडिलांकडून रोद्रिगेस होता. स्पेनचे माजी पंतप्रधान रोद्रिगेस सापातेरो यांना लोक सापातेरो म्हणूनच हाक मारतात. आडनाव जितकं सामान्य, तितकं ते गळायची शक्यता जास्त.

मुळात गार्सिया हे आडनावच नव्हतं. ते माणसाचं नाव होतं, बहुधा बास्क भाषेतून आलेलं. अर्थाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. कुणी त्याचा संबंध 'अस्वल' या अर्थाच्या बास्क शब्दाशी जोडतं, कुणी 'तरुण' या अर्थाच्या. नवव्या-दहाव्या शतकांत पाम्प्लोनाच्या गादीवर गार्सिया नावाचे राजे बसले. त्या काळी मुलाला बापाच्या नावापुढे 'एस' लावून ओळखायचे. फेर्नान्दोचा मुलगा फेर्नान्देस, रोद्रिगोचा रोद्रिगेस, सांचोचा सांचेस. गार्सियाच्या मुलाला गार्सेस म्हणत, पण पुष्कळ घराण्यांनी बापाचं नाव काही न जोडता तसंच आडनाव म्हणून घेतलं. स्पॅनिशमध्ये हा प्रत्यय 'झेड'ने लिहितात, पोर्तुगीजमध्ये 'एस'ने. गोव्यातले आणि वसईतले फर्नांडिस, रॉड्रिग्ज आणि लोपिस या पोर्तुगीज फांदीवरचे आहेत. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळून ती आपल्याकडे रुजली.

नाव म्हणून गार्सिया वापरात असल्याचा सगळ्यात जवळचा पुरावा गोव्यातच आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. त्याचं आडनाव ओर्ता, गार्सिया हे नाव. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाशी त्याचा स्नेह होता, मुंबई बेट त्याला पोर्तुगीजांकडून भाडेपट्ट्याने मिळालं होतं. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचे त्याचे संवाद १५६३ साली गोव्यात छापले गेले. त्याचे आईवडील स्पेनमधून १४९२ साली हाकललेले ज्यू. पोर्तुगालमध्ये त्यांना सक्तीने ख्रिस्ती व्हावं लागलं. ओर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळलं, आणि १५८० साली त्याची हाडं उकरून तीही जाळली. आज पणजीत एका बागेला त्याचं नाव आहे. पुढच्या वेळी तिथे बसाल तेव्हा कातारिनाचीही आठवण ठेवा.

आता गाणाऱ्या गार्सियांकडे येते, कारण हे घराणं माझ्या विशेष जिव्हाळ्याचं. सेव्हिलचा मान्वेल गार्सिया हा त्या काळचा नावाजलेला गायक. रोसिनीचा 'बार्बर ऑफ सेव्हिल' हा ऑपेरा १८१६ साली रोममध्ये पहिल्यांदा झाला, तेव्हा काउंट अल्माविवाची भूमिका त्याने केली. १८२५ साली तो बायकामुलांसकट न्यूयॉर्कला गेला आणि तिथल्या लोकांना इटालियन ऑपेरा इटालियन भाषेत ऐकवला. त्याच्याच नावाचा मुलगा लंडनमध्ये गाणं शिकवायचा. गळ्यातून सूर निघतो तेव्हा आत नेमकं काय होतं, हा प्रश्न त्याला सोडत नव्हता. १८५४ साली त्याने दातांच्या डॉक्टरांचा लांब दांड्याचा छोटा आरसा घशात धरला, हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं, आणि स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल स्वतः पाहिली. पुढच्या वर्षी रॉयल सोसायटीपुढे त्याने ते मांडलं. आज कान-नाक-घशाचे डॉक्टर घसा तपासतात त्या तंत्राची सुरुवात एका गाणं शिकवणाऱ्याने केली, ही गोष्ट संगीताच्या प्रत्येक वर्गात सांगायला हवी. तो शंभरी पार करून १९०६ साली गेला.

त्याच्या दोन्ही बहिणी युरोप गाजवणाऱ्या गायिका. पण मारिया गाजली ती मालिब्रान म्हणून आणि पोलिन गाजली ती व्हिआर्दो म्हणून. दोन्ही आडनावं फ्रेंच नवऱ्यांची. स्पॅनिश रीतीने त्या मरेपर्यंत गार्सियाच राहिल्या असत्या. मारिया घोड्यावरून पडून झालेल्या दुखापतीतून सावरली नाही, अठ्ठाविसाव्या वर्षी गेली.

गार्सिया आडनाव असलं की माणूस स्पॅनिश रक्ताचा, असंही नाही. फिलिपिन्समध्ये १८४९ साली गव्हर्नर जनरल क्लावेरिया याने हुकूम काढला की ज्यांची कायम आडनावं नाहीत त्यांनी सरकारी यादीतून आडनाव घ्यावं. कर वसुलीसाठी नोंद नीट व्हावी हा हेतू. यादीची पानं गावोगाव वाटली गेली, म्हणून काही गावांत जवळपास सगळ्यांची आडनावं एकाच अक्षराने सुरू होतात. त्यामुळे बोहोल बेटावर जन्मलेले आणि १९५७ साली फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष झालेले कार्लोस गार्सिया यांच्या आडनावावरून त्यांच्या पूर्वजांचा माग काढता येत नाही.

मार्केसच्या घरी मात्र माग लागतो, आणि तो भलत्याच ठिकाणी नेतो. त्याचे वडील गाब्रिएल एलिहिओ कोलंबियातल्या सिन्से गावी १९०१ साली जन्मले. त्यांची आई आर्हेमिरा गार्सिया कोवळ्या वयाची, अविवाहित. मुलाचा बाप मार्तिनेस आडनावाचा शाळामास्तर. लग्न झालं असतं तर मूल मार्तिनेस झालं असतं, आणि १९८२ चं नोबेल गाब्रिएल मार्तिनेस मार्केस या नावाला मिळालं असतं. लग्न झालं नाही, म्हणून आर्हेमिराचं आडनाव मुलाला लागलं. तो मोठा होऊन तारमास्तर झाला आणि कर्नल निकोलास मार्केस यांच्या मुलीच्या, लुइसाच्या प्रेमात पडला. अनौरस जन्माच्या या तरुणाशी लग्नाला कर्नलच्या घरून कडाडून विरोध झाला. तरी लग्न झालं. त्यांचा मुलगा, म्हणजे आपला लेखक, आराकाताकाला आजोबांकडे वाढला, आणि त्या आजोबांचं आडनाव जगभर झालं.

पण त्या लेखकाच्या मुलांकडे मार्केस गेलं नाही. त्यांची आई मेर्सेदेस बार्चा, म्हणून मुलं गार्सिया बार्चा. थोरला रोद्रिगो सिनेमे काढतो. ग्लेन क्लोजला घेऊन 'अल्बर्ट नॉब्स' त्यानेच केला. त्या सिनेमाच्या नामावलीत दिग्दर्शक म्हणून रोद्रिगो गार्सिया एवढंच नाव येतं. सिन्सेच्या आर्हेमिराचं आडनाव.